सातबाऱ्यावरचा माणूस आज राहतो कुठे?

मागच्या वेळी आपण सातबारा वाचायला शिकलो. त्यानंतर ज्या प्रश्नांचा पाऊस पडला, त्यातले निम्म्याहून अधिक प्रश्न एकाच जातीचे होते. सातबारा वाचला, नावं कळली, पण ही माणसं आहेत कुठे? सातबाऱ्यावर अकरा नावं आहेत, त्यातले चार गावात आहेत, दोघे वारले, आणि उरलेल्या पाच जणांचा पत्ता कुणालाच ठाऊक नाही. आजचं व्याख्यान या पाच जणांसाठी आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. आपण इथे कुणाची हेरगिरी शिकवत नाही आहोत. आमच्याकडे दर शनिवारी लोक कागदांच्या पिशव्या घेऊन येतात. त्यांचं काम अडलेलं असतं ते सहहिस्सेदार सापडत नाही म्हणून. वाटणी करायची, तर महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांना सगळ्या सहधारकांना नोटीस द्यावी लागते. रस्त्यात जमीन गेली, तर मोबदल्याची वाटणी कशी करायची यावर सगळ्यांचं एकमत लागतं, नाहीतर प्रकरण दिवाणी न्यायालयात जातं आणि पैसे तिथे पडून राहतात. मुंबई-गोवा महामार्गाच्या रुंदीकरणात सामाईक सातबाऱ्यांनी किती घरांचे मोबदले लटकवून ठेवले, हे रत्नागिरी-रायगडच्या श्रोत्यांना आम्ही सांगायला नको. आणि दुसऱ्या बाजूचा विचार करा. जो सापडत नाही, त्याचाही त्या जमिनीत हिस्सा आहे, आणि बऱ्याचदा त्या बिचाऱ्याला ते माहीतच नसतं.

आता मुद्द्यावर येऊ. पहिली निराशा आधीच पचवून टाका: आपल्या सरकारी दप्तरात जे लोकांसाठी खुलं आहे, त्यात फोन नंबर नसतो. सातबाऱ्यावर नाही, मतदार यादीत नाही, फेरफारात नाही. पूर्वी मुंबईत टेलिफोनची जाडजूड डिरेक्टरी घरोघरी असायची, आडनाव काढलं की पत्त्यासकट नंबर. मोबाईलला तशी डिरेक्टरी नाही, आणि आमच्या मते ते बरंच आहे. दप्तरातून आपल्याला काय मिळतं? एक ठिकाण, एक वर्ष, आणि त्या माणसाच्या भोवतालची दोन-चार नावं. या तीन गोष्टींवरून माणसापर्यंत पोचायचं असतं. म्हणून सगळ्यांना आम्ही आधी सांगतो, ‘नंबर’ शोधू नका, ‘शेवटचा ठाऊक असलेला पत्ता’ शोधा.

सुरुवात सातबाऱ्यापासूनच करू. महाभूलेखच्या संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव निवडलं की गट नंबरावरून किंवा नावावरून उतारा पाहता येतो. विनास्वाक्षरीचा उतारा फुकट दिसतो, डिजिटल स्वाक्षरीचा १५ रुपयांत मिळतो. नावावरून शोधताना लोक एक चूक करतात, पूर्ण नाव टाकतात. दप्तरात ‘दत्ताराम’ असतो आणि आपण ‘दत्तात्रय’ शोधत बसतो. फक्त आडनाव टाका आणि सगळी यादी डोळ्यांखालून घाला. गाव मोठं असेल तर अर्धा तास जाईल, पण कुणीतरी विसरलेला चुलता त्यात हमखास डोळ्यांना पडतो.

पण सातबारा म्हणजे आजचा फोटो. कालची गोष्ट फेरफारात असते. उताऱ्यावर नावांच्या शेजारी बारीक आकडे दिसतात, ते फेरफार क्रमांक. ज्या नावाला कंस केलाय, ते नाव कमी झालेलं आहे, आणि ते का कमी झालं हे गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, लिहिलेलं असतं. खातेदार वारला असेल तर वारसांची नोंद ६-क मध्ये. तिथे मयताचं नाव, मृत्यूची तारीख, वारसांची नावं, नातं, वय. आणि वारस नोंदीच्या अर्जासोबत जोडलेले कागद असतात: मृत्यूचा दाखला, वंशावळीचं प्रतिज्ञापत्र किंवा स्वयंघोषणापत्र, वारसांचे पत्ते. हे जोडकागद लोक मागतच नाहीत! फेरफाराची नक्कल घेऊन घरी जातात. फेरफारात दोन ओळी असतात हो. खरा मजकूर त्याच्यामागे टाचणी लावलेला असतो. तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करताना ‘फेरफार क्रमांक अमुक व त्यासोबतची सर्व कागदपत्रे’ असं लिहा. जुना असेल तर सगळे कागद मिळतीलच असं नाही, पण अर्जात लिहिलंच नाही तर नक्कीच मिळणार नाहीत.

इथे थोडं थांबून जुन्या दप्तराची भाषा सांगतो, कारण माणसं इथेच अडतात. ‘राघो बिन तुकाराम’ यातला ‘बिन’ म्हणजे ‘चा मुलगा’. ‘कोम’ म्हणजे ‘ची बायको’. ‘भ्र.’ असं लिहिलं असेल तर ते भ्रतार, म्हणजे नवरा. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता, याचा अर्थ नोंदीच्या वेळी तो मुलगा किंवा मुलगी सज्ञान नव्हती आणि कुणीतरी मोठं माणूस तिच्या वतीने नाव लावून बसलंय. ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. म्हणजे नाव एकाचं, जमीन सगळ्यांची. आता विचार करा, १९६० साली ‘अ.पा.क.’ आईच्या नावाने लागलेला मुलगा आज सत्तरीत आहे. त्याचं वय तुम्हाला नोंदीतून मिळालं. वय मिळालं की मतदार यादीत त्याच नावाच्या पाच माणसांतून आपला माणूस वेगळा काढता येतो. अशी एका कागदाची पुडी दुसऱ्या कागदाने सोडवायची.

देशावर एक वेगळी अडचण येते. १९४७ च्या तुकडेबंदी-तुकडेजोड कायद्यानुसार जिथे एकत्रीकरण झालं, तिथे जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. आजोबांच्या कागदावरचा नंबर आज टाकला तर भलत्याचंच शेत निघतं. तेव्हा आधी जुना नंबर आणि नवा गट यांचा मेळ घालणारा तक्ता भूमी अभिलेख कार्यालयातून किंवा तलाठ्यांकडून पाहून घ्या. तलाठ्यांचं पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण गावात कुणी तसं म्हणत नाही, आम्हीही म्हणणार नाही. कोकणात बऱ्याच ठिकाणी अजून सर्व्हे नंबर आणि हिस्सा हीच पद्धत आहे, तिथे हा घोळ कमी, पण पोटहिस्स्यांचा घोळ जास्त. शहरात सातबाऱ्याऐवजी मालमत्ता पत्रक, म्हणजे सिटी सर्व्हेचं कार्ड.

आता मतदार यादी. हिच्याइतकी खुली आणि हिच्याइतकी न वाचली जाणारी यादी नाही. यादी भागवार प्रसिद्ध होते, त्यात मतदाराचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, घर क्रमांक, वय, लिंग आणि ओळखपत्राचा क्रमांक असतो. संकेतस्थळावरच्या यादीत फोटो नसतात. निवडणूक आयोगाच्या शोध पानावर नाव, वडिलांचं नाव, वय आणि राज्य टाकून मतदार शोधता येतो, म्हणजे तुम्हाला मतदारसंघ माहीत नसला तरी सुरुवात करता येते. घर क्रमांकावर फार विश्वास ठेवू नका, गावातल्या यादीत अर्ध्या घरांना क्रमांक नीट नसतो. पण एका घर क्रमांकाखाली लागोपाठ आलेली नावं बहुधा एका घरातली असतात, आणि कुटुंब असं एकत्र दिसणं हे नुसत्या पत्त्यापेक्षा मोलाचं आहे.

यादीच्या शेवटी पुरवणी असते, तिथे वगळलेल्या नावांपुढे कारणाचं अक्षर असतं. मयत, स्थलांतरित, दुबार असे प्रकार. तुमच्या चुलत्याच्या नावापुढे ‘स्थलांतरित’ची खूण असेल तर तो जिवंत होता आणि त्या सुमाराला हलला, एवढं कळतं. ‘मयत’ असेल तर शोधाची दिशाच बदलते, आता त्यांचा नाही, त्यांच्या वारसांचा शोध घ्यायचा. बूथस्तरीय अधिकारी बहुधा शाळेतले गुरुजी किंवा अंगणवाडीच्या ताई असतात, त्यांना घरन् घर माहीत असतं. पण त्यांना विचारताना ‘ते कुठे गेले?’ एवढंच विचारा. त्यांच्या मोबाईलमधला नंबर मागू नका, तो त्यांना सरकारी कामासाठी मिळालेला असतो.

माणूस वारल्याचं कळलं तर मृत्यूची नोंद पाहायची. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १७ प्रमाणे कुणीही नोंदवहीत शोध घ्यायला सांगू शकतो आणि उतारा मागू शकतो. फक्त मृत्यूचं कारण त्या उताऱ्यात कुणालाही देत नाहीत, कायद्यानेच ते बंद केलंय. आम्हाला ही तरतूद फार शहाणपणाची वाटते, सगळं खुलं आणि सगळं बंद याच्या मधली. दाखल्यावर दोन पत्ते असतात: मृत्यूच्या वेळचा आणि कायमचा. कायमच्या पत्त्यात बहुतेक वेळा गाव लिहिलेलं असतं, ते आपल्याला ठाऊकच असतं. मृत्यूच्या वेळचा पत्ता महत्त्वाचा. ती चाळ, ती खोली, तिथे त्यांची मुलं राहत होती. अडचण अशी की नोंद मृत्यू जिथे झाला तिथे होते. गावचा माणूस परळला इस्पितळात वारला तर नोंद मुंबई महापालिकेकडे, गावच्या ग्रामपंचायतीकडे नाही. लोक ग्रामपंचायतीत दहा हेलपाटे घालतात आणि म्हणतात नोंदच नाही.

त्याहून जुनं हवं असेल तर कोतवाल बुक, गाव नमुना १४. २०२३ मध्ये कुणबी नोंदींसाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीचं काम सुरू झालं, तेव्हा महाराष्ट्राला हा शब्द नव्याने कळला. बरीचशी पानं मोडीत आहेत, मोडी वाचणारा माणूस लागतो. पण आजच्या पत्त्यासाठी त्याचा थेट उपयोग नाही. वंशावळ जुळवायला आहे. तसंच नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्यांचं. ते काही सरकारी दप्तर नव्हे, त्यांच्या घरचं आहे. पण तुमच्या घराण्यातलं कुणी दशक्रियेला किंवा श्राद्धाला तिथे गेलं असेल तर त्याने गाव, मुलं, भाऊ यांची नावं सांगून नोंद केलेली असते. तुमचा हरवलेला चुलत भाऊ बापाच्या अस्थी घेऊन तिथे गेला असण्याची शक्यता सरकारी कार्यालयात गेला असण्यापेक्षा बरीच जास्त!

दस्त नोंदणीकडे वळू. १९०८ च्या नोंदणी कायद्याच्या कलम ५७ प्रमाणे स्थावर मिळकतीच्या दस्तांचं पुस्तक क्रमांक १ आणि त्याची सूची कुणालाही पाहता येते, नक्कल घेता येते. मृत्युपत्रांचं पुस्तक ३ तसं नाही. मृत्युपत्र करणारा हयात असेपर्यंत तो स्वतः किंवा त्याचा मुखत्यारच नक्कल घेऊ शकतो, तो वारल्यावर इतरांना मिळते. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च आहे, गाव आणि मिळकतीचा नंबर टाकला की सूची क्रमांक २ दिसते. तिच्यात करून देणार आणि करून घेणार यांची नावं, वय आणि पूर्ण पत्ता असतो: इमारत, माळा, रस्ता, पिनकोड. सातबाऱ्यावर जो पत्ता कधीच मिळत नाही, तो इथे मिळतो. तुमच्या सामाईक जमिनीतला एखादा हिस्सा कुणी विकला असेल, हक्कसोड केलं असेल, गहाण ठेवलं असेल, तर त्या दिवशी ते कुठे राहत होते हे तिथे छापलंय.

हे सगळं झालं संकेतस्थळावर आणि कार्यालयात. पण खरं सांगायचं तर आमचा सगळ्यात आवडता कागद ग्रामपंचायतीत असतो, नमुना ८, कर आकारणीची नोंदवही. घर बंद आहे, कौलं खाली आलीत, दारावर गवत वाढलंय. पण घरपट्टीची थकबाकी नाही! म्हणजे कुणीतरी दरवर्षी भरतंय. कोण भरतंय? ग्रामपंचायतीतल्या माणसाला विचारा. बहुतेक वेळा उत्तर मिळतं, ‘ते खालच्या वाडीतले अमुक भरतात, त्यांना मुंबईहून पैसे येतात.’ झालं. संपर्काचा धागा हातात आला. अमुकांना फोन नंबर मागू नका, त्यांना सांगा, ‘माझा निरोप त्यांना द्या, वाटलं तर ते मला फोन करतील.’

चाकरमान्यांच्या बाबतीत आणखी एक दप्तर आहे, ज्याचा कुणी विचार करत नाही. कोकणातल्या, साताऱ्या-सांगलीकडच्या कितीतरी गावांची मुंबईत ग्रामस्थ मंडळं आहेत. गिरण्यांच्या काळात गाववाले एकत्र खोली घेऊन राहायचे, त्यातून ही मंडळं उभी राहिली. गोव्याच्या लोकांचे मुंबईत कूड होते, त्यातलाच प्रकार. ज्या मंडळांची नोंदणी झालेली आहे, ती सार्वजनिक न्यास म्हणून धर्मादाय आयुक्तांच्या नोंदवहीत असतात, आणि १९५० च्या कायद्यानुसार विश्वस्तांची नावं-पत्ते तिथे लागलेले असतात. विश्वस्त बदलले की बदल अर्ज द्यावा लागतो. परिशिष्ट १ ची नक्कल अर्ज करून मिळते. तिथला अध्यक्ष तुमचा माणूस नसेल, पण तुमच्या माणसाला ओळखणारा असेल. गणपतीच्या वर्गणीची वही त्याच्याकडेच असते, आणि त्या वहीत जेवढी माणसं सापडतात तेवढी तहसीलदारांच्या दप्तरातही सापडणार नाहीत. गणपतीत किंवा शिमग्याला गावात दोन दिवस मुक्काम ठोका. हे आम्ही चेष्टेने सांगत नाही. निम्म्या जणांचा शोध आरतीनंतर प्रसाद वाटताना लागतो.

आता बायकांबद्दल. हा सगळ्यात अवघड आणि सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे. लग्नानंतर नाव बदललं, आडनाव बदललं, काही घरांत तर पाळण्यातलं नावही बदललं. दप्तरात ती ‘हौसा’ होती, मतदार यादीत ‘सुनंदा’ झाली. पूर्वी वारस नोंदीत मुलींची नावं गाळायची पद्धतच होती, किंवा लावायची आणि पुढच्याच फेरफारात हक्कसोड दाखवून कमी करायची. २००५ च्या दुरुस्तीने, ९ सप्टेंबर २००५ पासून, हिंदू एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला मुलासारखाच जन्मतः हक्क मिळाला. आणि त्या तारखेला वडील हयात असलेच पाहिजेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केलं. तेव्हापासून आमच्याकडे बहिणींना शोधणाऱ्या भावांची संख्या वाढली आहे!

शोधायचं कसं? माहेरच्या वारस नोंदीत ‘भ्र.’ पुढे नवऱ्याचं नाव असेल तर अर्धं काम झालं. सासरचं गाव माहीत असेल तर तिथल्या ८-अ मध्ये आणि मतदार यादीत नवऱ्याच्या नावावरून जायचं. माहेरच्या गावच्या जुन्या मतदार याद्यांतून ती कोणत्या साली कमी झाली ते पाहिलं की लग्नाचा काळ साधारण कळतो. आणि शेवटी तिच्या वयाच्या गावातल्या दुसऱ्या बायकांना विचारायचं. कोण कुठे दिली हे दप्तरापेक्षा त्यांच्या जास्त लक्षात असतं.

पण मंडळी, आम्ही त्या भावांना आधी विचारतो, शोधताय कशासाठी? हिस्सा द्यायला, की सही घ्यायला? नुसती सही हवी असेल आणि तिला कागद न वाचून दाखवता ती घ्यायची असेल, तर आम्ही त्यात मदत करत नाही. ‘अगं, बँकेच्या कामासाठी लागतेय’ म्हणून हक्कसोड पत्रावर घेतलेली सही पुढे न्यायालयात उभी राहते, आणि मग दोन्ही घरांची वीस वर्षं जातात. वंशावळीतून एखादं नाव मुद्दाम गाळून प्रतिज्ञापत्र करणं हा तर सरळ गुन्हा आहे.

आणि एक प्रकार यापेक्षा गंभीर आहे. काही माणसं हरवलेली नसतात, निघून गेलेली असतात. मारहाणीला कंटाळून गेलेली बायको, घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलेली मुलगी, कर्जाच्या तगाद्यातून सुटलेला मुलगा. आपण आत्ता जे जे सांगितलं ते सगळं त्यांच्याविरुद्धही वापरता येतं. म्हणून आमचा एक नियम आहे: पत्ता लागला तरी दारात जायचं नाही. पत्र पाठवायचं. रजिस्टर पोस्टाची वेगळी सेवा २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झाली, तेव्हा स्पीड पोस्टाने पाठवा. पाकिटावर जमिनीचा, भांडणाचा काही उल्लेख नको. आत सरळ चार ओळी: आम्ही कोण, कोणत्या गावच्या कोणत्या जमिनीबद्दल, तुमचा हिस्सा आहे असं दिसतं, तुम्हाला वाटलं तर या नंबरावर फोन करा किंवा तुमच्या वकिलामार्फत कळवा. उत्तर आलं नाही तर एक महिन्याने आणखी एक पत्र. तिसरं नको.

मग काम अडेल ना? नाही अडत. फेरफाराच्या नोटिशीला १५ दिवसांची मुदत असते, ती नोटीस ‘आपली चावडी’ या पानावरही दिसते. दावा न्यायालयात असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेत आदेश ५ नियम २० आहे: नेहमीच्या मार्गाने समन्स बजावता येत नसेल, तर न्यायालय वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यायला सांगू शकतं. तो माणूस शेवटी जिथे राहत असल्याचं ठाऊक आहे, त्या भागात खपणाऱ्या दैनिकात. म्हणजे बघा, फिरून आपण ‘शेवटचा ठाऊक असलेला पत्ता’ इथेच आलो. तुम्ही सातबारा, फेरफार, सूची दोन, मृत्यूचा दाखला हे सगळं पाहिल्याचे कागद फाइलला लावलेत, तर न्यायालयाला दिसतं की शोध प्रामाणिक होता. आणि गैरहजर माणसाचा हिस्सा हिस्साच राहतो, तो तुमचा होत नाही. सात वर्षं ज्यांना खबर मिळायला हवी अशांना त्याची काहीच खबर नसेल, तर साक्ष कायदा तो मयत असल्याचं गृहीत धरू देतो. ते गृहीतही न्यायालयात मांडावं लागतं, तलाठ्यांकडे नाही.

माहिती अधिकाराबद्दल दोन शब्द. २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने खासगीपणा मूलभूत हक्क ठरला. पुढे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकाराचं कलम ८(१)(जे) बदललं. वैयक्तिक माहिती नाकारायला आता अधिकाऱ्याला पूर्वीपेक्षा बरीच मोकळीक आहे. ८(२) मधला व्यापक जनहिताचा दरवाजा अजून उघडा आहे. पण ‘अमुकचा पत्ता द्या’ असा माहिती अधिकाराचा अर्ज करून काही मिळणार नाही. जे दप्तर मुळातच खुलं आहे, त्याची नक्कल त्या-त्या कायद्याखाली मागा. ती तुमच्या हक्काची आहे.

आता श्रोत्यांचे काही प्रश्न घेऊ.

एका ताईंनी विचारलंय, की सूची दोनमध्ये त्यांचं नाव, वय, पत्ता दिसतो, तो काढून टाकता येईल का? नाही, ताई. नोंदणीचं पुस्तक खुलं राहावं, कुणी एकच फ्लॅट दोघांना विकू नये, यासाठीच ते आहे. पण पुढच्या वेळी दस्ताला आधारची प्रत जोडताना पहिले आठ आकडे झाकलेली प्रत चालेल का ते विचारा. आणि बोटांच्या ठशांची काळजी घ्या. दस्तांवरचे अंगठ्यांचे ठसे वापरून आधारवर चालणाऱ्या बँक व्यवहारांत पैसे काढल्याची प्रकरणं काही राज्यांत उघड झाली आहेत. आधारचं बायोमेट्रिक लॉक करता येतं, फुकट आहे, आजच करून टाका.

एका गृहनिर्माण सोसायटीच्या सचिवांचा प्रश्न आहे. गावाकडचे लोक येऊन सभासदाचा नंबर मागतात, द्यायचा का? नाही द्यायचा. तो सभासद तिथे राहतो की नाही, हेसुद्धा लगेच सांगू नका. बंद पाकीट घ्या आणि सांगा, ‘असे कुणी असतील तर पोचवू.’ येणारा खरंच जमिनीच्या कामासाठी आला असेल तर तो पाकीट ठेवून जाईल. जो पाकीट ठेवायला तयार नाही, त्याचं काम वेगळं आहे.

शेवटचा प्रश्न देवगडहून आहे. तिथल्या दादांचं म्हणणं, ‘घरपट्टी भरणारा आमचा लांबचा भाऊ म्हणतो, मला त्यांचा ठावठिकाणा माहीत नाही. तो खोटं बोलतोय हे उघड आहे. काय करू?’ दादा, तो कदाचित खोटं बोलत नसेल, दिलेला शब्द पाळत असेल. त्याच्याशी वाद घालू नका. तुमचं पत्र, सातबाऱ्याची नक्कल आणि तुमचा फोन नंबर पाकिटात घालून त्याच्याकडे ठेवा. पुढच्या घरपट्टीच्या वेळी पैसे यायचे असतील, तेव्हा ते पाकीट जाईल. दरम्यान त्या गट नंबरावर नवा फेरफार पडतोय का, हे महिन्यातून एकदा ‘आपली चावडी’वर बघत राहा, म्हणजे त्यांनी परस्पर काही केलं तर तुम्हाला कळेल.